कलचे खांब

ट्रॉलीवरची ताडपत्री निघाली. केळीचे खांब हिरवट-पांढरे हवे होते. हे चहाच्या रंगाचे होते, वर आंबूस वास. आणि मागे ग्रेस मॅडम वही उघडून उभ्या.

मॅडम आफ्रिकेतल्या एका तेलाच्या देशातून आल्या होत्या. वीस वर्षं तेलविहिरीवर इंजिनिअर. आता त्यांच्या भागातल्या विहिरी आटत चालल्या होत्या. दुसरं काम नाही, केळी मात्र रग्गड. घड काढला की आपल्यासारखेच तेही खांब फेकून देतात. त्यातून धागा काढायचा धंदा उभा राहील का, याचा रिपोर्ट मॅडमनी त्यांच्या सरकारला द्यायचा होता. "मशीन पटलं नाही, तर आमची माणसं पुन्हा तेलाचीच वाट बघत बसतील," त्या सकाळी म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मी मशीनचे नट पुन्हा पुन्हा आवळत होतो. कारण मशीन मी बनवलं होतं.

मी जसोंडीच्या भागवतभाऊंना बाजूला ओढलं. खांब नेहमी त्यांच्याच शेतातून येतात.

"भाऊ, हे काय आणलं? ताजे पाहिजे होते ना!"

"तूच काल फोनवर बोलला, कालचे खांब आन. त्याच्या आदल्या दिवशी घड काढेल होते, तेच भरले."

"कालचे नाही हो, कलचे! कल म्हणजे उद्या!"

"मंग उद्या म्हन ना बाबा! मराठी मानूस ना तू?"

अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचा आम्हा बुऱ्हाणपूरवाल्यांना कोण अभिमान. माझा अभिमान दोन दिवस उन्हात तापून ट्रॉलीत पडला होता.

कारखान्याचे शेठ माझ्या कानाशी आले. "डेमो रोकना मत. चालू कर."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी चालू केलं.

काम दिसायला सोपं. खांबाचा एक पदर निम्मा आत सरकवायचा, दुसरं टोक हातात धरायचं. आत पात्यांचा ड्रम गरगर फिरतो, गर खरवडतो. पदर ओढून घेतला की हातात धागा. पण ताजा पदर पकडता येतो, हा बुळबुळीत. विमलताई आमच्याकडची सगळ्यात तरबेज बाई. तिच्याही हातातून दोन पदर निसटले. तिसऱ्याच्या वेळी पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून तिनं टोकाला मनगटाभोवती वळसा दिला.

मला ते दिसलं. पुढे काय होणार तेही कळलं: ड्रम पदर ओढणार आणि पदराबरोबर हातही. मी ओरडलो, "थांब!" मशीनला मराठी येत नाही. बंद करायचं लाल बटण मागच्या भिंतीवर, कारण वायर तिथपर्यंतच पुरली होती. मी जागचा हललोच नाही. विमलताईच्या बांगड्या मशीनच्या पत्र्यावर खणकन वाजल्या.

आवाज बंद झाला. वही जमिनीवर आणि मॅडम भिंतीशी, बटणावर हात. पण ड्रम लगेच थांबत नाही, तो आपल्या वेगात फिरतच होता. वाचवलं ते पदरानं. कुजका होता, मधेच तुटला. ताजा असता तर तुटला नसता.

विमलताई डोळे गच्च मिटून उभी. "दादा, हात हाय ना माझा?"

"आहे," मी म्हणालो. खात्री करायला मलाही दोनदा बघावं लागलं.

मॅडमनी वही उचलली. "बटण इतकं लांब का?"

थाप सुचली नाही. "वायर पुरली नाही."

त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं. आल्या आल्या त्यांनी आधी बटणच शोधून ठेवलं होतं, हे नंतर कळलं. तेलविहिरीवर म्हणे पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

मशीन नापास. आठवडा गेला. मग मॅडमचा मेल आला, सोबत हातानं काढलेलं ड्रॉइंग: टेबलाच्या वरून जाणारी दोरी, कुठूनही ओढली की करंट बंद आणि ड्रमला ब्रेक. धरायला लांब दांड्याचा चिमटा. मी दोन्ही बसवलं. पहिली ट्रायल माझ्याच हातानं घेतली. तीनदा पदर मशीनपर्यंत नेऊन मागे घेतला, तेव्हा विमलताई दोरी धरून म्हणाली, "दादा, घाबरू नका. मी हाय ना!"

थंडीत मॅडम पुन्हा आल्या. धाग्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सकाळभर नुसती दोरी ओढत बसल्या आणि सहा मशीनची ऑर्डर देऊन गेल्या.

आता नवं मशीन करायला घेतलं की ते बंद कसं होईल, तेवढं मी आधी बनवतो. चालू काय, कोणीही करतं.