काट्यावर भाजी चढते

"चप्पल काढ आणि चढ," मॅडम म्हणाली.

माझ्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये शेकचे उष्टे गिलास. मी म्हणलं, हे ठेवून येते. तर म्हणे, "अगं ठेव तिथेच खाली. दोन मिनिटांचं काम आहे."

अमरावतीत कॅम्पमध्ये मॅडमचा बंगला. दर शनिवारी तिच्या हॉलमध्ये वजन कमी कराचा क्लास भरे, अन् क्लासच्या शेवटी, जेवणाच्या जागी प्याच्या त्या शेकच्या पावडरचे डबे विकले जात. मी तिच्या घरची स्वयंपाकीण. वलगावहून ऑटोनं येऊन चार घरच्या पोळ्या करत होती, तिचं घर शेवटचं. शनिवारी गिलास धुवाचं कामही माझ्याच गळ्यात.

मी वजनाच्या काट्यावर चढली. मॅडमनं वाकून आकडा वाचला. मोठ्यानं. "ब्याऐंशी!"

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् समोरच्या बायांले म्हणाली, "बघा. ही दिवसभर उभी असते. चार घरचं काम करते. तरी ही अशी. का? भाकरी, भात, तेल. या लोकांना खाण्यावर कंट्रोलच नसतो."

या लोकांना. म्हणजे आमाले. आमी वलगावात भाजी पिकवतो, तिच्या फ्रिजमध्ये आमच्याच वावरातला पालक राहे. अन् खाण्यावर कंट्रोल आमाले नाही.

बाया हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. एकीनं मोबाईल काढून फोटो घेतला. स्वयंपाकघराच्या दारात माझी पोरगी रेणू उभी होती. तेव्हा आठवीत होती. शनिवारी शाळा लवकर सुटे, म्हणून माझ्यासंग घरी जाले ती तिथं येऊन बसे. तिनं सगळं पायलं. मी तिच्याकडं पायलं अन् हसली. हेच मले अजून खाते. मी काहून हसली?

राग नाही आला तेव्हा. लाज आली. मॅडम शिकलेली बाई, भिंतीवर सर्टिफिकेट टांगलेलं. मले वाटलं, खरंच सांगत असन.

मग मी तिचं ऐकाले लागली. भात सोड, सोडला. भाकर सोड, सोडली. आमच्याकडं भाकर सोडली तर ताटात राहते काय? अंबाडीची भाजी अन् पातळ वरण. सकाळी गरम पाण्यात लिंबू. अन् संध्याकाळी सातच्या नंतर काही खायाचं नाही, नाही तर सगळी चरबी होते म्हणे. मॅडमच्या पोळ्या उरकाले साडेसात वाजत. घरी पोचाले साडेआठ. मी जेवू कवा? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याले काय, तोंड हलवलं की नियम झाला. साडेसात वाजता तिच्या पोळ्या कोण लाटते, ते तिच्या डोक्यात आलंच नसन.

आमच्या घरी सुनेनं मागून जेवाचं. नवरा, सासू, पोरगी उठली का उरलंसुरलं घेऊन एकटीनं बसाचं. म्हणून मी जेवत नाही, हे घरात कोणाले कळलंच नाही. रेणूले कळलं होतं. पण तिले कळलं, हे मले लय उशिरा कळलं.

मॅडम सांगे, घाम म्हणजे वितळलेली चरबी. जितका घाम तितकी चरबी कमी. क्लासच्या बाया पोटाले काळा पट्टा बांधत. तो पट्टा माझ्याच्यानं घेणं होत नव्हतं. मग मी माझं डोकं चालवलं. खताच्या पोत्याच्या आत पातळ प्लास्टिक राहते. ते धुतलं, कापलं, पोटाले गुंडाळलं, वरून फडक्यानं आवळलं, त्याच्यावर साडी. अन् मे महिन्यात गॅसपुढं उभी. वऱ्हाडातला मे, कुत्रंही सावली सोडत नाही. कमरेतून पाण्याच्या धारा चालत अन् मी मनात खुश. चालली म्हणलं चरबी! माय वं, काय माझी अक्कल!

एका संध्याकाळी मॅडमच्याच ओट्यापुढं अंधारी आली. पडली. पडतानी हात तापल्या तव्याले लागला. मनगटाच्या वर लांब डाग आहे, अजून जात नाही. मॅडम धावत आली, तोंडावर पाणी मारलं, हे खरंच सांगते. पण म्हणाली काय? "घाबरू नकोस, डिटॉक्स होतंय. शरीरातलं विष बाहेर पडतंय."

सरकारी दवाखान्यात सिस्टर हाताले मलम लावून राहिली होती. तिले माझ्या पोटावरचं प्लास्टिक दिसलं. "हे काय आहे, ताई?" मी सांगतलं. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, घामात पाणी जाते, मीठ जाते. चरबी नाही जात. पाणी प्यालं का वजन जसंच्या तसं. जेवता का नाही तुमी?"

किती दिवसांनी कोणी मले इचारलं होतं, जेवता का म्हणून. तिथंच रडू आलं.

रक्त तपासलं. रक्त कमी निघालं, अन् थायरॉईड निघाला. डॉक्टरनं इचारलं, अंग जड राहते का? थंडी जास्त वाजते का? केस गळतात का? सगळं होतं, कितीक वर्षांपासून होतं. मी समजे, आपण खादाड आहो. खादाड नव्हती मी. बिमार होती. काट्यावर चढवाच्या आधी हे मले कोणी इचारलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. मी थोडंथोडं जेवाले लागली, पण मागूनच, एकटीनं. उन्हाळा संपला, रेणू नववीत गेली. कबड्डीत चढाई करणारी पोरगी, पण यंदा तिनं नावच दिलं नाही. मले वाटलं, अभ्यास वाढला असन. एका सकाळी तिच्या वेणीले रिबन बांधून राहिली होती. माझा हात तिच्या कमरेले लागला अन् आतून कुरकुर आवाज आला.

कुर्ता वर केला. तेच प्लास्टिक. माझंच. धुऊन खुंटीले टांगलं होतं, फेकाचं राहून गेलं होतं.

"काहून वं?" मी म्हणलं.

"मले नाही चढाचं तुझ्यासारखं काट्यावर," रेणू म्हणाली. "सगळ्या हसल्या होत्या. तू बी."

किती दिवसांपासून भाकर बकरीले टाकून राहिली होती, ते मग तिनं एकेक करून सांगतलं. दम लागे म्हणून कबड्डी सोडली होती. मी तिच्या पोटाची गाठ सोडली. मॅडमचा राग आला, पण त्याच्या आधी माझा आला. मॅडम एकदा बोलली. पोरीनं रोज पायलं ते माझं उपाशी तोंड.

त्याच आठवड्यात शनिवारी मॅडमची नवी बॅच होती. हॉल भरलेला. काटा मधोमध. ती मोठ्या आनंदानं म्हणाली, "ये ये. दहा किलो तरी उतरलं असेल तुझं. चढ, आणि सगळ्यांना सांग, शेकनं झालं म्हणून."

शेक मी कधी प्यालीच नव्हती. मी गिलास धुतले होते.

"मॅडम," मी म्हणलं, "काट्यावर भाजी चढते. मी नाही चढत."

"अगं, असं काय करतेस?"

मी बायांले हातावरचा तव्याचा डाग दाखवला. म्हणलं, हे उपाशी राहून झालं. घामानं चरबी जात नाही, दवाखान्यात जाऊन इचारा. माझी पोरगी माझं पाहून पोटाले खताचं प्लास्टिक बांधून शाळेत जात होती. वजन उतरलं म्हणता ना? हे असं उतरलं.

कोणी उठून गेलं नाही. दोघीतिघी खाली पाहू लागल्या. मॅडम हसली अन् म्हणाली, "तिची तब्येत बरी नाही सध्या." डबे त्या दिवशीही विकले गेले. मले सांगतलं, सोमवारपासून येऊ नकोस.

आता तीन घरं राहिली. सातच्या आत घरी पोचते मी. पायजे तर मॅडमचा नियम आता पाळता येते. नाही पाळत.

थकली मी, खोटं काहून बोलू. सकाळी अनशापोटी गोळी, मग तीन घरच्या पोळ्या, मग घरची भाकर. रेणू अजून अर्धीच खाते. बाकीची ताटाखाली सरकवते, मले दिसते. भर हॉलमध्ये जे लागलं, ते दोन दिवसांत निघत नाही.

पण मी आता मागून जेवत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पंगतीत माझं ताट मांडलं तर नवरा म्हणे, "हे काय नवीन?" सासूनं तोंड वाकडं केलं. करू दे. मी रेणूच्या समोर बसते, पुरी भाकर घेते, तिच्या डोळ्यांपुढं खाते. वजन भरते तर भरू दे. महिना लागो, साल लागो. ती दुसरी भाकर मांगत नाही तोवर मी त्या पंगतीतून उठणार नाही.