तसबिरीमागचा एक्स-रे

त्या आठवड्यात देवावरचा माझा विश्वास पार उडाला होता, हे आधीच कबूल करते. खोकल्याचं निमित्त झालं आणि एक्स-रेत छातीच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. नगरला जाऊन स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी दिसतेय, पण खात्री नाही. जुना एक्स-रे असेल तर आणा. तेव्हाही एवढीच असेल तर काळजी नाही. नाहीतर सुई घालून तुकडा तपासावा लागेल." बाहेर नर्सने विचारलं, "मावशी, संगं कोन हाय?" मी खाली बघितलं. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. लेक पुण्याला, तिचे दिवस भरत आलेले. तिला काय सांगणार?

नऊ वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा एक्स-रे काढला होता. राहुरीला घरी येऊन ट्रंक, कपाट, गादीखाली, सगळं धुंडाळलं. मिळाला नाही. यांना कुठलीच वस्तू टाकवत नसे, कशाला ना कशाला लावून ठेवायचे. आता भांडायला तरी माणूस हवा होता. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

मग राग देवावर निघाला. रोज फूल वाहते ती दत्ताची तसबीर हातात घेतली. म्हटलं, "इतकी वर्षं तुझं केलं. आता बस भिंतीकडे तोंड करून." आणि उलटी ठेवली. मागच्या पुठ्ठ्याला कसर लागू नये म्हणून यांनी त्यावर काळी फिल्म चिकटवली होती. कडा कापलेल्या, पण कोपऱ्यात माझं नाव आणि तारीख शाबूत. त्या माझ्याच बरगड्या होत्या. मी तिथेच बसले आणि यांचं नाव घेऊन पोटभर रडले.

डॉक्टरांनी जुनं-नवं शेजारी लावून पाहिलं. गाठ तेव्हाही होती, तेवढीच. न्यूमोनियाच्या डागांत ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. "सुई नको, ऑपरेशनही नको. सहा महिन्यांनी फक्त दाखवून जा," म्हणाले.

ही देवाची कृपा म्हणावी की यांची काटकसर, मला ठाऊक नाही आणि त्यावर वाद घालायचा नाही. तसबीर सुलटी केली, माफी मागितली. मी रुसून त्याचं तोंड फिरवलं, तरी माझं जे हरवलं होतं ते त्याच्याकडेच होतं. फिल्म पुन्हा तिथेच लावली, यांनी लावली होती तशी. घर अजून रिकामंच आहे. सहा महिन्यांनी नर्स परत विचारेल, "संगं कोन हाय?" तेव्हा मी खाली बघणार नाही.