ट्रंकेच्या तळाशी सापडलेली रोड टेस्ट

मंडळी, आज आपण जिंकलो.

जुन्या मोटार मासिकांतल्या रोड टेस्ट, म्हणजे गाडी चालवून बघून लिहिलेली परीक्षणं, जमवून स्कॅन करायचं माझं वेड तुम्हाला माहितीच आहे. बाबांकडे पन्नासच्या दशकातली जी गाडी होती, तिच्या टेस्टचं शेवटचं पान तेवढं मिळत नव्हतं.

आज कोलशेतला मावशीकडे गेलेलो. तिच्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी मासिकाची पानं अंथरलेली, त्यात तेच पान. "ने रे, पण त्याजागी दुसरा कागद घाल," मावशी म्हणाली.

बाबा नेहमी सांगतात, आपली गाडी कसारा घाट एका दमात चढायची. आई दरवेळी हसते. पानावर छापलंय: चार माणसं घेऊन घाट चढली, रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबावं लागलं नाही.

घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "आता आईला वाचून दाखव. मोठ्याने."

आई स्वयंपाकघरात आहे. जाऊ का?