मामाच्या दातांना ऐकू आलेला रुपया

माझ्या लग्नात रुपयांची माळ मामानं घालायची, हे मी पाळण्यात होते तेव्हापासून ठरलेलं होतं. सोयरीक पक्की झाली तशी मामानं गाडी जुंपली, मामीला बसवलं आणि सकाळी सकाळी आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"माळ मी करणार, पण रुपये पोरीनं पारखायचे! तिला धाड गाडीत!" तो अंगणातूनच माझ्या आईवर ओरडला.

ओरडल्याशिवाय त्याला बोलताच येत नसे, कारण तो बहिरा होता. तरुणपणी त्याचे कान वाहायचे. वैदूची तेलं झाली, लसणाच्या पाकळ्या झाल्या, आणि वाहता वाहता एकेक करून सगळे आवाजही वाहून गेले. जुना रुपया धड आहे की फुटका, हे निम्मं डोळ्यांनी कळतं आणि निम्मं कानांनी. डोळे त्याचे घारीसारखे होते. कान तेवढे माझे न्यायचे होते.

मामी अंगानं चिमणीएवढी होती, पण इतकी वर्षं अशा माणसाशी संसार केल्यानं तिचा आवाज गावाच्या शिवेपर्यंत जाई. हळू बोलायचं तिला जमेनासंच झालं होतं. देवापुढं हात जोडूनसुद्धा ती असं मागणं मागायची की सगळ्या आळीला तिच्या अडचणी पाठ होत्या.

नांदूरघाटचा बाजार होता. रस्ताभर मामा मला शिकवत होता. बैलांकडे बघायचं सोडून पाठीमागं तोंड करून बसला होता.

"रुपया लखलखीत दिसला की आधी हात मागं घ्यायचा. चिंचेनं घासलेला असतो. काळ्या रुपयाला भ्यायचं न्हाई. काळा हाय म्हंजी त्याला कुणी छळलेलं न्हाई. अक्षरं बघायची. अक्षराचा कंगोरा बोटाला लागला पायजे. कड बघायची. लोक कानस मारून कडंची चांदी काढून घेत्यात, मग रुपया एका बाजूनं खंगल्यावानी दिसतो. आन् झाळ बघायची, डाग देऊन जोडल्याली जागा. लई रुपये आधी कुणाच्या तरी गळ्यात राहून आलेले असत्यात. त्याची कडी काढून, भोक बुजवून विकत्यात. जिथं झाळ, तिथं आवाज बसलेला."

"पण आपण बी कडीच झाळणार ना त्याला?" मामीनं विचारलं. बरोबरच होतं तिचं.

"व्हय, वांगी बी घेऊ," मामा म्हणाला.

मी आणि मामी एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. त्या दिवसाचं हसू तिथूनच सुरू झालं. घरातून बाहेर पडलेली, लग्न ठरलेली पोर मी. मला तर बैलानं शेपटी हलवली तरी हसू येत होतं.

सराफाचं दुकान म्हणजे एक उंच ओटा होता. त्यावर पांढरी चादर अंथरलेली आणि कडेला वाजवून बघायचा काळा दगड. सराफ गोल तोंडाचा, हसरा माणूस होता. त्यानं थैली चादरीवर ओतली. त्यात आपल्या सरकारचे हाली रुपये होते, इंग्रजी मुलखातले कळदार होते आणि त्यांच्याही आधीचे जाडजूड, वेडेवाकडे, फारसी अक्षरांचे. मामाचं मन त्या वेड्यावाकड्यांवर बसलं. एकेक उचलून तो उन्हाकडे धरी, अंगठ्यानं कड चाचपी, वास घेई आणि मग माझ्याकडे देई. मी रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरायचा आणि दुसऱ्या रुपयाच्या कडेनं हलकेच टोकरायचं.

चांगला रुपया असा गोड वाजायचा की आवाज संपला तरी बोटात मुंग्या येत राहायच्या.

"काय म्हणतो?" मामा ओरडला.

"बरा हाय म्हणतो!" मी ओरडले.

"आन् हा?"

"हा बी मजेत हाय!"

"आन् हा?"

तो नुसता थड् झाला. "ह्याचा घसा बसलाय!"

"अगं माय," सराफ म्हणाला, "माझ्या दुकानात रुपयाला पडसं?"

मामीला ह्याचं इतकं हसू आलं की ती ओट्याला धरून खाली बसली. तिचं हसणंही बोलण्यासारखंच मोठं होतं. मिरच्यावाल्या बाया उठून आल्या. जनावरं बघायला आलेले गडी आले. ओट्याखाली ही गर्दी जमली. मामा ओरडून विचारतोय आणि रुपयांची तब्येत मी ओरडून सांगतेय, हे बघून एका म्हातारीनं कनवटीचा रुपया सोडला आणि माझ्यापुढं धरला. "माझ्या बी रुपयाला इचार की गं, बरा हाय का." तिचा वाजवला. छान वाजला. लगेच दुसरीनं दिला. मग तिसऱ्यानं. तालुक्याच्या कचेरीतला एक चपराशी भांडण आहे की काय म्हणून काठी आपटत आला होता, त्यानंही इकडंतिकडं बघून हळूच आपला पुढं केला.

सराफानं खरं तर रागवायला हवं होतं, पण त्याला मजाच वाटत होती. एवढी गर्दी त्याच्या ओट्यापुढं दिवाळीलाही होत नसेल.

झालं असं की त्या गलक्यात मला काही ऐकू येईना. मामाच्या हातात एक देखणा रुपया होता, अक्षरं जशीच्या तशी. माझं काही चालत नाही म्हटल्यावर त्यानं शेवटचा उपाय केला. शिसं भरलेला असेल तर दात रुततो, म्हणून रुपयाची कड त्यानं पुढच्या दातांत धरली. डोळे मोठे, मिशा वर, आणि मिशांखालून रुपया बाहेर आलेला. त्या ध्यानाकडे बघून माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. माझ्या हातात दुसरा रुपया होताच. मी त्याच्या तोंडातल्या रुपयावर टिचकन वाजवलं.

मामा दगडासारखा उभा राहिला.

मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. पण त्यानं रुपया दातांतून काढला, उलटसुलट करून बघितला, मागं वळून बघितलं.

"घंटा कुणी वाजवली?"

मी हातातला रुपया वर करून दाखवला. त्यानं रुपया पुन्हा दातांत धरला आणि बोटानं मला खूण केली. मी वाजवलं. त्याचे डोळे भरून आले, आणि रुपया तोंडात तसाच ठेवून तो ओरडला, "आला! मला आला! डोस्क्यात वाजला!"

मग काय विचारता! मामा एकेक रुपया दातांत धरतोय, मी वाजवतेय, आणि प्रत्येक आवाजाला तो ओट्यावर एक उडी मारतोय. "हा बघ कसा बोलतो! आन् हा, हा तर गातो!" सराफ आपल्या हातानं त्याला रुपये देऊ लागला. चपराशी टाळ्या वाजवत होता. मध्येच मी पास केलेला एक रुपया मामानं तोंडातून काढून बाजूला टाकला.

"हा तोतरा हाय."

"चांगला हाय की मामा!" मी ओरडले.

सराफानं तो घेतला, नखानं कडेजवळचा काळा मळ खरवडला, आणि खाली बुजवलेलं भोक निघालं. ते त्याच्याही नजरेतून सुटलं होतं. त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. "बप्पा, तुमी उद्यापासून माझ्या दुकानात बसा. दात घेऊन या फकस्त."

माळेपुरते रुपये निवडून झाले. सगळे काळे, जाडे, फारसी अक्षरांचे, आणि एकापेक्षा एक गोड. पण मामाचं मन भरेना. रुपये मामीच्या ओटीत टाकून तो बाजारात घुसला. भांडीवाल्याकडचं पितळी ताट त्यानं उचललं आणि त्याची कड दातांत धरली.

"अवो बप्पा, ताट हाय ते, भाकर न्हाई!" भांडीवाला ओरडला.

मामीनं ताटावर बोटं मारली. मामा हसला. पुढं तांब्या, मग कढई, मग बैलाच्या गळ्यात बांधायची नवी घुंगरं. दात टेकवून झाल्यावर प्रत्येक वस्तू तो धोतराच्या सोग्यानं पुसून नीट जागच्या जागी ठेवत होता. आम्ही दोघी मागं मागं, हसून हसून पोटं दुखलेली, आणि आमच्या मागं अर्धा बाजार.

सुताराच्या पालापाशी मामी एकदम थांबली. तिनं एक लाटणं उचललं आणि हातात फिरवून बघितलं. मला म्हणाली, "चल गाडीकडं. त्यास्नी बी आण."

गाडीच्या आडोशाला तिनं लाटण्याचं एक टोक मामाच्या दातांत दिलं. दुसरं टोक आपल्या दातांत धरलं, वरून पदर घेतला आणि काहीतरी बोलली. हळू बोलली. हातभर अंतरावर उभी राहूनही मला शब्द कळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मामीचं बोलणं मला ऐकू आलं नव्हतं.

मामाच्या तोंडातून लाटणं गळून पडलं.

"असा हाय व्हय तुझा आवाज?" तो म्हणाला. हे मात्र सगळ्या नांदूरघाटानं ऐकलं. "बदललाच न्हाई की गं! पुन्यांदा म्हण. पुन्यांदा!"

"जावा तिकडं," मामी लाल होत म्हणाली, आणि लाटणं धुळीतून उचलून पुसू लागली.

परतीच्या वाटेवर गाडी मी हाकली. बैलांना रस्ता माहीत होता म्हणून बरं, कारण माझं लक्ष मागंच होतं. दोघं लाटण्याची दोन टोकं धरून बसली होती. इतक्या वर्षांचं सांगायचं राहिलेलं मामी सांगत होती आणि मामा खदाखदा हसत होता, मध्येच तोंड सोडवून घेऊन "अगं, मला का न्हाई सांगितलं?" म्हणून विचारत होता. त्यांची धाकटी पोर तर तो बहिरा झाल्यानंतरची. तिचा आवाज त्यानं कधी ऐकलेलाच नव्हता. मामी नंतर मला म्हणाली, त्या दिवशी घरी गेल्यावर पोरीनं लाटण्याला तोंड लावून फक्त "बाबा, भूक लागली" म्हटलं, तर हा गडी तिला खांद्यावर घेऊन सगळं गाव फिरून आला आणि पोर तशीच उपाशी.

लग्नाच्या दिवशी मांडवात मामानं माळ आणली. कड्या सोनारानं इतक्या नाजूक झाळल्या होत्या की कुठल्या रुपयाचा घसा बसला नव्हता. पण गळ्यात घालायच्या आधी त्याला राहवेना. भर मांडवात, वऱ्हाडासमोर, त्यानं माळेतला रुपया दातांत धरला आणि नखानं टिचकी मारली. मग दुसरा. मग तिसरा.

माझे सासरे उठून उभे राहिले. "का हो, माळ खोटी हाय का?"

"न्हाई न्हाई," मामी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ऐकायलेत ते!"

सगळा प्रकार कळला तशी सासऱ्यांनी स्वतःच्या बंडीतून एक कळदार काढला, कुणी बघत नाही असं समजून दातांत धरला आणि टिचकी मारली. त्यांच्या भुवया वर गेल्या. शेजारच्या पाहुण्यानं ते बघितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता अख्खं वऱ्हाड तोंडात रुपये धरून टिचक्या मारत बसलं. भटजी मुहूर्त टळला म्हणून अक्षता हातात घेऊन बोंबलत होते, आणि अंतरपाटाच्या अलीकडं मी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत उभी होते.