रघ्याचा रांगणेकर

रघ्या शीळ वाजवायचा म्हणून आमची ओळख झाली. नाहीतर मी त्याच्या जखमा धुतल्या असत्या, पट्टी बांधली असती, रजिस्टरवर अंगठा घेतला असता आणि पुढच्या पाड्यावर निघून गेले असते.

२०१४च्या पावसाळ्यात माझी बदली तलासरीच्या पूर्वेकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात झाली, नर्स म्हणून. मी चिंचणीची. मासे विकणाऱ्या बायांमध्ये वाढले, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. रघ्या त्याच वर्षी फेब्रुवारीत ताडावरून पडला होता. वीस वर्षं ताडी काढणारा माणूस, हात कसा सुटला ते त्यालाही कळलं नाही. कंबरेखालचं सगळं गेलं. गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात दीड महिना ठेवून त्याला घरी पाठवलं. तिथला कागद मी वाचला होता. तो उभा राहणार नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याची बायको भिकी मला म्हणाली, “बाई, बरा होईल ना?” मी म्हटलं, “बघू.” एवढी फटकळ मी, आणि तिथेच माझी दातखीळ बसली.

तर शीळ. दर गुरुवारी मी जायची. पाठीला आणि कुल्ल्यावर पडून पडून जखमा झाल्या होत्या, म्हणून आधी त्याला पालथा करायचा, मग काम सुरू. पहिल्याच दिवशी पाठीची जखम धुताना तो दुखण्यावर उपाय म्हणून शीळ घालायला लागला आणि माझा हात थांबला. ते ‘गुप्तहेर रांगणेकर’ मालिकेचं शीर्षकसंगीत होतं! लहानपणी रविवारी सकाळी शेजारच्या टीव्हीवर बघायला मी ताटावरून उठून पळायची.

“तुला कुठून ठाऊक रे हे?” मी विचारलं.

“डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला होतो तेव्हा. शेटच्या खिडकीतून बघायचो,” तो उशीत तोंड घालून म्हणाला. “रांगणेकर कुणाच्या घरात चपला घालून नाय जात. बाहेर काढतो. मग डोळे मिटून उभा राहतो.”

“आधी कान, मग डोळे,” मी म्हटलं. ते रांगणेकरचं वाक्य.

“आधी कान, मग डोळे!” तो ओरडला आणि भिकी चुलीपासून धावत आली, काय झालं म्हणून.

झालं, तेव्हापासून गुरुवार आमचा. हा माणूस दुसरं करणार काय? कुडाची भिंत, एक खाट, आणि भिंतीला हाताएवढं भोक. त्या भोकातून त्याच्या अकरा ताडांपैकी दोन दिसायचे. हायवेवरून जाणारी गाडी भरलेली की रिकामी, हे तो आवाजावरून सांगायचा. भिकी घरात आली की पावलांच्या आवाजावरून ओळखायचा, आज ती चिडलेली आहे. मी म्हणायची, “वा रे रांगणेकर!” आणि तो खूश व्हायचा. पण एखाद्या गुरुवारी नुसता भोकाकडे बघत पडायचा. “बाई, खाटेला दोर नाय पण मला बांधलाय,” म्हणायचा. अशा दिवशी मी पट्टी बांधून लवकर निघायची.

त्याची खरी पंचाईत ताडांची होती. आमच्या या भागात रीत अशी, की ज्याची झाडं त्याचीच. तो स्वतःच्या हाताने आपला कोयता देत नाही तोवर सख्खा भाऊसुद्धा त्यांवर चढत नाही. आणि कोयता दिला म्हणजे आपण पुन्हा चढणार नाही, हे कबूल केलं. रघ्याचा धाकटा भाऊ लडक्या तयार होता, पण मागायचं कसं? आणि रघ्याचा कोयता खाटेच्या डोक्याशी खुंटीला. “दिवाळीपर्यंत उठतो,” हे दर वर्षीचं. अकरा झाडं नुसती उभी, वाळके झाप लोंबत.

२०१५ला रांगणेकरवर सिनेमा आला. मी फोनवर घेऊन गेले, फोन खाटेच्या दांडीला बांधला. हिरो कसला, दंड दाखवत फिरतो! खून झालेल्या घरात बूट घालून घुसला, तेव्हा रघ्याने हाताने फोनच आडवा पाडला. “बूट? मेलेल्या माणसाच्या घरात बूट? हा रांगणेकर नाय, हा कुणी फौजदार हाय!” पुढचे तीन गुरुवार आम्ही त्या हिरोला शिव्या घालण्यात घालवले. इतकं हसलो, की मी पट्टी उलटी बांधली.

मी म्हटलं, अरे हे सगळं मुळात पुस्तकांतून आलंय. मग डहाणूच्या वाचनालयातून एकेक पुस्तक आणून वाचायला लागले. रघ्याला अक्षर येत नव्हतं. तो पालथा, मी अर्धा तास पट्टी करायची आणि मग त्याच्या पाठीशी बसून अर्धा तास वाचायची; पाठीवर भार नको म्हणून तो पालथाच.

२०१६च्या भाद्रपदात आम्ही शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचलो. त्यात रांगणेकर जिन्यावरून पडतो आणि अंथरुणाला खिळतो. हे मला आधी माहीत असतं तर मी ते पुस्तक आणलंच नसतं, देवाशपथ! पण सुरुवात झाली होती. त्याच आठवड्यात रघ्या लडक्याला म्हणाला होता, “यंदा बघतो. देतो बहुतेक कोयता.” हे भिकीने मला अंगणातच सांगितलं. रडत होती आणि हसतही होती.

आत गेले. “शेवटचं प्रकरण. मोठं आहे, बावीस पानं,” मी ऐटीत सांगितलं आणि वाचायला लागले. बाराव्या पानावर रांगणेकर, जो छत्रीशिवाय कधी घराबाहेर पडत नाही, आपल्या सहायकाला म्हणतो, माझी छत्री तू घे, मी आता उठणार नाही. ते वाक्य मला दिसलं, पण मी ते वाचलं नाही. समोर त्याची पाठ. पाठीवर माझ्याच हाताने बांधलेली पट्टी. मी पुस्तक मिटलं आणि मनाने सांगायला लागले: “मग एके सकाळी रांगणेकरने पाय हलवला. उठला. खुंटीवरची छत्री घेतली आणि चालत बाहेर पडला. संपलं.”

रघ्याने भोकाकडे मान वळवली. मग म्हणाला, “बरं झालं.”

दुसऱ्या गुरुवारी त्याने लडक्याला सांगितलं, थांब अजून. भिकीचा चेहरा पडला. लडक्याने दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि उंबरगावला कंपनीत लागला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. माणूस उमेदीत आहे, जेवतोय, शीळ घालतोय. एका गोष्टीने एवढं होत असेल तर कुणाचं काय गेलं? असं मी स्वतःला दोन वर्षं समजावत राहिले.

२०१८ला रांगणेकरची नवी मालिका आली, फोनवर बघायची. नट म्हातारा, बारीक, दारात चपला काढणारा. रघ्याने पहिल्याच भागात पास केला त्याला. आठ भाग होते. सात मी दाखवले. आठवा दाखवायची वेळ आली तेव्हा मला रेंज मिळेना. पुढच्या गुरुवारी फोन घरी विसरला. मग चार्जिंग संपलं. मी रात्री घरी तो भाग बघितला होता. पुस्तकात आहे तसाच केला होता मेल्यांनी.

दिवाळीला लडक्या घरी आला, आणि त्याच्या फोनमध्ये आठही भाग! मी पोचले तेव्हा रघ्या उशाला टेकून बसलेला, फोन दांडीला बांधलेला. “बाईची वाट बघत होतो,” लडक्या म्हणाला. पळायला जागा नव्हती. मी जमिनीवर बसले आणि चाळीस मिनिटं माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. म्हाताऱ्या नटाने छत्री दिली. खाटेवरच पडून राहिला. फोन काळा झाला.

“रघ्या,” मी म्हटलं, “मी तुला शेंडी लावली. पुस्तकातही असंच होतं.”

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “तेव्हाच कळलं. तू बावीस पानं म्हणालीस. म्हणजे अकरा वेळा पान पलटायला पायजे. तू सहाच वेळा पलटलंस आणि पुस्तक मिटलंस. तो उठत नाय, हे मला तेव्हाच समजलं.”

“मग?” माझा आवाज चढला. “मग लडक्याला थांबवलंस कशाला? दोन वर्षं!”

“तू दवाखान्यातली बाई. दवाखान्याचा कागद तू वाचलेला. पुस्तकात तो उठत नाय, तरी तू मुद्दाम त्याला उठवलंस. मी म्हटलं, हिला माझं काहीतरी ठाऊक हाय. सरळ सांगता येत नाय म्हणून असं सांगते. मी उठणार, असं सांगते.”

भिकी चुलीपाशी उभी राहिली होती ती तशीच राहिली. मला वाटलं जमीन दुभंगावी. त्याला फसवणारी मीच होते, आणि तो मात्र माझ्याच खोट्यातून खरं शोधत बसला होता.

“मी चुकलो,” रघ्या म्हणाला. “कान लावले, डोळे नाय लावले. मी पालथा होतो ना. तुझं तोंडच नाय बघितलं.” मग हात पुढे करून त्याने मला जवळ बोलावलं. “इकडे बस. समोर. आता सांग. कागदात काय होतं?”

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून. “तू उठणार नाहीस रघ्या,” मी म्हटलं आणि ढसाढसा रडायला लागले. मी, चिंचणीची.

त्याने मला रडू दिलं. भोकाकडे बघत राहिला, तिथल्या दोन झाडांकडे. मग हात मागे नेऊन खुंटी चाचपली, पण ती थोडी उंच होती.

“भिके,” तो म्हणाला, “कोयता काढून दे माझ्या हातात. लडक्या, चपला काढ आणि ये इकडे.”