शिशाची रेघ

देवासच्या आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा एकजण होता. वय बत्तीस, पण बापाबरोबर बाजारात निघाला की लोक बापालाच विचारत, "वडिलांना कुठं नेताय?" शिशाचे खिळे तो ओठांत धरी, वर्षाकाठी अर्धी बाराखडी गिळत असावा. डॉक्टर म्हणाले होते, शिशानं रक्ताचे कण कोवळेपणीच म्हातारे होतात. उजवं मनगट लुळं पडलेलं तो लपवी. कळलं तर नोकरी जाणार होती.

संक्रांतीला मालक तिळगूळ वाटत आले. डावा हात पुढे कसा करणार?

"मालक, हात शाईचे आहेत, तोंडातच घाला." त्यानं आ केला.

मालकांनी हिरड्या निरखल्या. "ही निळी रेघ शिशाची. उद्यापासून तू प्रुफं तपास."

प्रुफं तोवर मी तपासत होतो; मला तो भिया, म्हणजे भाऊ, म्हणे. सकाळी त्यानं खिळे माझ्या हवाली केले. म्हणाला, "भिया, कितीही भूक लागली तरी यातलं काही खाऊ नका."