बिनड्रायव्हरच्या गाडीत राहिलेले आजोबा

प्रिय ईशा आणि रोहन,

तुम्ही विमानतळावर हात हलवत होतात, तेव्हाही आजोबा तुमच्या बाबांशी भांडत होते. "व्हीलचेअर? मी काय सामान आहे?" शेवटी आजोबाच जिंकले, व्हीलचेअर घेतलीच नाही. त्यामुळे पुढे जे घडलं ते बाबांना जरा सावकाश सांगा.

मधे विमान बदलायचं होतं. तो विमानतळ म्हणजे एक गावच. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला उंच रुळांवरून छोटी गाडी धावते, आणि तिला ड्रायव्हरच नाही! त्याच्या जागी मोठी काच आणि काचेसमोर बाक. आजोबा थेट तिथे जाऊन बसले. खाली विमानं ओळीने उभी, पलीकडे खाडीचं पाणी चमकत होतं. "अगं, बघ तरी, मीच चालवतोय!"

आमचं टर्मिनल आलं. आजोबा मागे असतील असं धरून मी बॅग घेऊन उतरले. वळून पाहते तर ते काचेपाशीच! दारं मिटत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "इळीरि!" (उतरा). घाई झाली की आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांच्या तोंडून कानडीच निघतं. आजोबांनी शांतपणे मान डोलावली आणि गाडी निघून गेली.

दोघांचे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, त्यांचा फोन माझ्या हातातल्या बॅगेत. आजारपणापासून ते अनोळखी जागी गोंधळतात. आपलं टर्मिनल कुठलं, हेही त्यांना सांगता आलं नसतं. बंगळूरच्या विमानात बसायची वेळ होत आलेली. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी आली. त्यांच्यामागे जायला मी तिच्यात पाऊल टाकणार, तोच कुणीतरी हात धरला.

"अज्जी, मैसूरा?"

म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कारखान्यातली इंजिनिअर मुलगी, आमच्याच विमानाने परतणारी. माझी आरोळी तिने ऐकली होती.

"सोड गं, आमचे हे पुढे गेले!" मी कानडीत म्हणाले.

"तुम्ही गेलात आणि ते परत आले तर? ही गाडी पलीकडे जाते आणि उलट इथेच येते."

"आणि ते तिथे उतरले तर?"

"कशाला उतरतील?"

"मीच ओरडून सांगितलंय ना, उतरा म्हणून!"

तिने रुळांच्या टोकाकडे पाहिलं. "त्यांची गाडी परत येईपर्यंत तरी थांबा," एवढंच म्हणाली. माझा हात मात्र तिने सोडला नाही.

गाडी आली. पुढच्या काचेमागे आजोबा, गुडघ्यांवर हात ठेवून, ऐटीत. गाडी उलट फिरली तेव्हा यांनी उठून दुसऱ्या टोकाची पुढची जागा पकडली होती!

मी हाताला धरून त्यांना बाहेर काढलं. "अहो, उतरला का नाहीत?"

"तूच ओरडलीस ना, इल्लिरि!" (इथेच राहा).

"मी इळीरि म्हटलं!"

"मग नीट बोलावं माणसाने."

ती मुलगी हसून म्हणाली, "अज्जी, आधी अज्जांच्या कानांना नमस्कार करा."

तिथून आम्ही तिघांनी धावतपळत विमान गाठलं.

म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या घरी पोचलो तेव्हा शेजारणीने दहीभात आणि लिंबाचं लोणचं काढून ठेवलं होतं. जेवता जेवता आजोबा तिला सांगत होते, "ड्रायव्हर असता तर शेवटच्या स्टॉपला त्याने मला हाकललंच असतं!"

खरं आहे ते. लग्न झाल्यापासून "नीट ऐका" म्हणून मी यांच्या कानीकपाळी ओरडत आले. त्या फलाटावर यांनी नीट ऐकलं असतं, तर पुढच्या टर्मिनलवर उतरून कुठल्या कुठे गेले असते. आता ते काही भलतंच ऐकतात, तेव्हा मी दुरुस्त करायला धावत नाही. जरा थांबते, काय होतं ते बघते.

तुमची,
आजी